सबूर पेशींचे सर

हणेगावकर सरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. एम.एस्सी.च्या पहिल्या दिवशी नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते वर्गात आले, हजेरीचं रजिस्टर उघडलं, लगेच मिटलं आणि पहिल्या बाकापासून एकेकाला विचारत सुटले, "गाव?" मी म्हटलं, नायगाव. त्या क्षणापासून मी नायगाव झाले. माझ्या शेजारची मुखेड झाली, तिच्या मागचा किनवट. दोघं जण भोकरचे निघाले तेव्हा सरांनी त्यांची भोकर मोठा आणि भोकर धाकटा अशी वाटणी करून टाकली. पुढे माझं लग्न झालं, मी लातूरला राहायला आले, डॉक्टरेट मिळाली, नावाच्या पुढेमागे बरंच काही लागलं. सरांचा फोन आला की पलीकडून एकच शब्द यायचा, "नायगाव?" आई-वडील गेल्यावर मला माझ्या गावाच्या नावाने हाक मारणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं, आणि मला ते फार आवडायचं.

सर मूळचे देगलूरकडच्या हणेगावचे. घरात मराठी, बाजारात कानडी आणि वडील उर्दू शाळेत शिकलेले. त्यामुळे सरांच्या तोंडात तिन्ही भाषा सुखाने नांदायच्या. प्रयोग फसला की ते कपाळावर हात मारत नसत. "इल्ला," एवढंच म्हणायचे. कानडीत इल्ला म्हणजे नाही. वहीतही ते हाच शब्द लिहायचे, देवनागरीत, शाईच्या पेनाने. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाखाली निळा डाग असे. हिवाळा असो की मे महिना, अंगात तोच तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर. पांढरा कोट त्यांनी कधी घातला नाही. आम्ही एकदा विचारलं तर म्हणाले, "पांढऱ्या कोटातला माणूस काहीबी बोलला तरी लोक खरं धरतात. मला ती भानगड नको."

हे वाक्य मी तेव्हा हसत हसत ऐकलं होतं.

त्यांचा विषय होता प्रतिकारशक्तीच्या पेशी. एवढा जड विषय, पण सर तो लग्नाच्या पंगतीतून शिकवायचे. "दोन मामा भांडायलेत," ते सुरुवात करायचे. "एकाला मान मिळाला न्हाई, दुसऱ्याला भजी मिळाली न्हाईत. आता तिसरा मामा उठतो. तो आवाज चढवत न्हाई. मधी येऊन उभा राहतो अन् म्हणतो, सबूर. हा तिसरा मामा जर का लग्नाला आलाच न्हाई, तर मांडव राहत न्हाई." शरीरातही तसंच असतं. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, आणि त्या लढणाऱ्यांना वेळेवर थांबवणाऱ्या थोड्याशा वेगळ्या पेशी असतात. पुस्तकं त्यांना नियामक पेशी म्हणतात. सर त्यांना सबूर पेशी म्हणायचे. त्या कमी पडल्या किंवा बिथरल्या की लढणाऱ्या पेशी आपल्याच माणसावर उठतात. कुणाचे सांधे धरतात, कुणाची कातडी, कुणाचं मूत्रपिंड.

सरांचा खरा जीव होता तो या पेशी खातात काय, यात. "भांडणाऱ्या मामाला जिलेबी लागते. लगेच ताकद, लगेच आवाज. तिसरा मामा सकाळी भाकरीवर चटणी अन् करडीचं तेल खाऊन निघालेला हाय. त्याला दिवसभर पुरतं." म्हणजे असं की लढाईला उतरलेली पेशी साखर भराभर जाळते आणि सबूर पेशी बरीचशी चरबी जाळून सावकाश राहते. अन्न बदललं तर पेशीचा स्वभाव बदलतो का, एवढाच प्रश्न घेऊन सरांनी उभा जन्म काढला. 'सबूर पेशी तेलावर राहते' हे वाक्य आमच्या विभागात शिपायापासून सगळ्यांना पाठ होतं. पण ते वाक्य बोलून झालं की सर बोट वर करायचे आणि पुढचं वाक्य न चुकता जोडायचे, "हे काचेच्या बशीतलं झालं. माणसाचं न्हाई."

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या. त्यात एक पेटी, जिच्यात पेशी उबेला ठेवायच्या. सर तिला उबवणी म्हणायचे. वीज गेली की विभागातले पंखे बंद पडत, दिवे जात, प्राचार्यांचा एसी जाई, पण उबवणीचा इन्व्हर्टर सरांनी कोणाला हात लावू दिला नाही. पेशींना ते नवरीसारखे जपायचे, माणसांना मात्र फाडून खायचे. सगळ्यात जास्त फाडायचे ते वहीवरून.

वहीचे त्यांचे दोन नियम. पहिला असा की चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, बाजूला सही करायची, तारीख घालायची. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. मी नवखी असताना एका चुकलेल्या आकड्यावर व्हाइटनर लावला होता. सरांनी वही हातात घेतली आणि सगळ्यांसमोर नखाने तो पांढरा पापुद्रा खरवडला. "झाकलंस कशाला? काल तू काय समजली होतीस ते मला दिसलं पाहिजे. उद्या तुलाबी दिसलं पाहिजे." मी रडकुंडीला आले होते. तेव्हापासून आजपर्यंत मी घरातल्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा काही खोडलं तर एकच रेघ मारते. तारीख घालायला मात्र आम्ही सगळेच विसरायचो. मग आपण दारापर्यंत गेलो की मागून आवाज यायचा, "तारीख?" विभागात निरोप घेण्याची ती पद्धतच झाली होती.

दुसरा नियम असा की वाक्याला एकच अर्थ पाहिजे. "दोन अर्थ निघत असतील तर ते वाक्य कवितेत टाक. वहीत नको." माझ्या प्रबंधाची पहिली चार पानं त्यांनी या एका नियमावर सात वेळा परत केली. मुखेड त्यावरून मला चिडवायची की तुझा प्रबंध होईपर्यंत तुझी मुलं कॉलेजात जातील.

माझा प्रबंध उंदरांवर होता. बशीत जे दिसतं ते जिवंत प्राण्यात दिसतं का, हे बघायचं होतं. उंदीर हैदराबादहून यायचे. पायाला सूज आणलेल्या उंदरांच्या एका पिंजऱ्याला करडीचं तेल घातलेलं खाद्य, दुसऱ्याला साधं. पहिल्या खेपेला तेलवाल्यांची सूज कमी भरली. मी उड्या मारत सरांकडे गेले. सरांनी विचारलं, "कोणता पिंजरा कोणता, हे मापताना तुला ठाऊक होतं?" ठाऊक होतं. चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, स्वतःच्या खुणा घातल्या आणि त्या कागदाची घडी खिशात ठेवली. मी मापत राहिले. शेवटी घडी उघडली तर दोन्ही पिंजरे सारखेच. मग पुन्हा नवे उंदीर आणले, पुन्हा सारखेच.

मला वाटलं, माझी तीन वर्षं पाण्यात गेली. सर बाहेर गेले आणि गरम भजी घेऊन आले. "इल्ला हेबी उत्तरच हाय, नायगाव," ते म्हणाले. "बशीतली पेशी तेलात बुडालेली असते. माणसानं चमचाभर तेल पिलं तर ते पेशीपर्यंत तसंच पोचतंय थोडंच? आता हे आपल्याला ठाऊक हाय. दुसऱ्याला ठाऊक न्हाई." माझ्या वहीच्या त्या पानाखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'तेल पाजून फरक: इल्ला.' सही केली, तारीख घातली. त्या दिवसाइतकी मी त्यांच्यावर कधीच खूश नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं या पानावर अडकलेलं आहे.

माझी थोरली बहीण अहमदपूरला दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणतो, आणि अहमदपूरचं निम्मं गावही अक्काच म्हणतं, कारण ती तिथे प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. अक्काचं फळ्यावरचं अक्षर असं की तपासणीला आलेले साहेब आधी फळा बघत उभे राहायचे आणि मग खुर्ची मागायचे. पहिलीतल्या पोरांच्या हाताला धरून तिने किती 'अ' गिरवले असतील त्याला गणती नाही. चाळिशी उलटली आणि तिची बोटं सकाळी आखडायला लागली, मनगटं सुजली. लातूरच्या दवाखान्यात निदान झालं, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलं आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी सुरू झाली. अक्का ती रविवारी घ्यायची आणि सोमवारचा अख्खा दिवस मळमळत शाळेत काढायची. पण बोटं उघडत होती, खडू धरता येत होता.

तिने गोळीला कंटाळू नये म्हणून मीच सरांना तिच्याकडे नेलं. ते एकदा कामाने लातूरला आले होते, आणि लातूरहून नांदेडला परत जाताना अहमदपूर वाटेतच आहे. सर तिच्याकडे जेवले, ज्वारीची भाकरी आणि करडीचं तेल घातलेली चटणी दोनदा मागून घेतली, आणि तिच्या शाळेच्या टाचणवहीत तिसऱ्या मामाचं चित्र काढून तिचा आजार तिला समजावला. अक्काने इतक्या वर्षांत डॉक्टरांकडून जेवढं ऐकलं नव्हतं तेवढं त्या तासाभरात ऐकलं.

"मग सर, ह्या सबूर पेशी वाढवता येत न्हाईत का?" तिने विचारलं.

"येतील. जगभर लोक शिकून राहिलेत," सर म्हणाले. "पेशंटच्याच पेशी बाहेर काढायच्या, योग्य ते खायला घालून त्यांचा स्वभाव पक्का करायचा, अन् परत सोडायच्या. पण ते उद्याचं हाय, अक्का. आजचं औषध म्हणजे तुमची रविवारची गोळी. ती सोडायची न्हाई. कोणी काहीबी सांगू द्या."

तेव्हापासून अक्काच्या घरात देवाच्या खालोखाल हणेगावकर सर. गोळीची मळमळ झाली की ती म्हणायची, सरांनी सांगितलंय. माझ्या नवऱ्याला ती सरांचं चित्र दाखवायची. आणि हे सगळं मी जुळवून आणलं म्हणून मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात शाल मिळाली, भाषणं झाली, आणि पुढच्याच आठवड्यात जिन्याखालच्या खोल्यांना कुलूप लागलं. मी दोनेक महिन्यांनी काही कागदांसाठी गेले तर उबवणीचा इन्व्हर्टर प्राचार्यांच्या केबिनला जोडलेला होता आणि उबवणीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. मी येणार म्हणून सरही कॉलेजात आले होते, निघताना मला फाटकापर्यंत सोडायला आले. "पेपर उबायला ठेवलेत," ते म्हणाले. मी हसले, ते हसले नाहीत. तो चेहरा मी तेव्हा नीट बघायला हवा होता. मग फोन कमी होत गेले. मी लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले होते, सकाळी सातपासून बॅचेस, दीडदीडशे मुलं, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. प्रतिकारशक्तीचा धडा आला की मी तिन्ही मामा वर्गात आणायची. सरांचं ते वाक्य मी मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्यायची. पुढचं, बशीचं वाक्य सांगायला मात्र नेहमी वेळ उरतच असे असं नाही. हे माझं पाप माझ्या पदरात.

एक दिवस पहिल्या बॅचची मुलं मला बघून खुसफुसायला लागली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं वाक्य चौकात लागलंय." मी बॅच संपवून चौकात गेले. क्लासच्या जाहिरातींच्या रांगेत, गुण मिळवलेल्या मुलांच्या फोटोंच्या शेजारी, एक नवा फलक होता. त्यावर तेलाची बाटली आणि ठसठशीत अक्षरं, 'सबूर पेशी तेलावर राहते.' त्याखाली, 'सबूर तेल. सांधेदुखीवर पेशींचा उपाय. प्रयोगशाळेत सिद्ध.' आणि बाजूला हणेगावकर सर. स्वेटर नव्हता, खिशाखालचा डाग नव्हता. अंगात पांढराशुभ्र कोट होता.

मी ऑटोवाल्याच्या वाटेत उभी होते. त्याने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाले. मला आधी वाटलं, सरांना न विचारता कोणी लावलं असेल. मी त्यांच्या बाजूने मनात भांडूनही घेतलं. मग कोट आठवला. तो कोट काही कोणी झोपेत चढवला नव्हता.

तिथूनच अक्काला फोन लावला, कसल्या शंकेने ते आता सांगता येत नाही. "अगं, मी पाच महिने झाले घेऊन राहिले ते तेल," अक्का आनंदाने म्हणाली. "तुला चकित करायचं होतं. सरांचं औषध निघालंय म्हटल्यावर मी कशी थांबते?"

"आणि गोळी?"

"गोळी सोडली. सरांना फोन करून इचारलं की. म्हटलं, सर, ही गोळी लई तरास देते, सोडून बघू का? तर सर म्हणले, सबूर धरा अक्का, तेलाला टाइम लागतो."

"म्हणजे सोडा म्हणाले का?"

"सबूर धरा म्हणजे काय? गोळीबिगर जरा कळ काढा, असंच की."

मी दुपारची बॅच सोडून अहमदपूरची बस धरली. अक्काने दार उघडलं ते कोपराने. उजव्या हाताची तीन बोटं करंगळीकडे कलली होती. फळ्यावर आता ती एका मुलीकडून लिहून घेत होती आणि त्याचंही तिने कौतुकच केलं, पोरीचं अक्षर सुधारलंय म्हणे. मी तिला दुसऱ्या दिवशी जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, झालेली झीज भरून येणार नाही, पण गोळी आज सुरू केली तर बाकीचे सांधे वाचतील. अक्का बाहेर येऊन बाकावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "सर सांगतील तर घेईन." मी तिला उंदरांचं सांगितलं, पिंजऱ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "तू तेव्हा शिकत होतीस. सरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं." मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. पण तिला सरांवर असा विश्वास ठेवायला शिकवलं कोणी, तर मीच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फलकावरच्या पत्त्यावर सरांकडे गेले. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत तेलगिरणीच्या वर एक काचेची खोली होती. पायऱ्यांवर पेंडीचा वास येत होता. दारावर पाटी, 'मुख्य शास्त्रीय सल्लागार.' सर मोठ्या खुर्चीत बसलेले, टेबलावर माहितीपत्रकांचे गठ्ठे, खुंटीला कोट. मला बघून उठले, खरोखर आनंदले. "ये, नायगाव," म्हणाले. त्या हाकेने माझा निम्मा राग गेला असता. मी बसले नाही.

"सर, अक्काने गोळी सोडली. बोटं वाकडी झाली."

ते खाली बसले. म्हणाले, "मी सोडा म्हटलं न्हाई."

"घ्या म्हटलंत?"

"सबूर धरा म्हटलं. सबूर म्हणजे थांबा. गोळी सोडायला थांबा."

"तिला वाटलं, गोळीशिवाय थांबा."

"तिला काय वाटलं त्याला मी काय करू?"

"सर, वाक्याला एकच अर्थ पाहिजे," मी म्हटलं. "दोन अर्थ निघणार हे तुम्हाला फोनवर कळलं नाही, असं मला सांगू नका. माझी चार पानं तुम्ही सात वेळा परत केली होती."

सर पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मी उंदरांच्या पानाबद्दल विचारलं. तेव्हा मात्र ते तोंड वर करून बोलले. "ते पान मी तीन जागी पाठवलं होतं, तुला सांगितलं न्हाई. तिन्ही जागून परत आलं. इल्ला कोणी छापत न्हाई, नायगाव. बशीतलं छापून आलं, ते जगात हाय. जे जगात हाय तेच मी म्हणून राहिलो. यात खोटं काय हाय?" मग जरा हळू म्हणाले, "तुम्ही सगळे गेलात. मुखेड पुण्याला, भोकर मोठा बंगळूरला, तू इथं पोरांकडून पर्याय पाठ करून घेतेस. माझी उबवणी त्यांनी कपाट केली. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, सर, तुमच्या पेशीचं नाव काय ठेवलंत. ह्या गिरणीच्या शेठनं विचारलं."

मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण दयेच्या मागोमाग अक्काचा कोपर आठवला, दार उघडणारा.

"सर, मला भांडायचं नाही. तुम्ही आत्ता तिला एक फोन करा आणि म्हणा, रविवारची गोळी घ्या. तेवढं एक वाक्य."

त्यांनी मान हलवली. "फोन रेकॉर्ड होतात हल्ली. शेठच्या वकिलानं सांगितलंय, कोणाच्या औषधाबद्दल शब्द काढायचा न्हाई."

"मग यावर रेघ मारा." मी गठ्ठ्यातलं वरचं माहितीपत्रक त्यांच्यापुढे सरकवलं आणि 'सबूर पेशी तेलावर राहते' या वाक्यावर बोट ठेवलं. "एक रेघ, सही, तारीख. मी ते अक्काला दाखवते. ती तुमचंच ऐकते."

सरांनी तो कागद स्वतःकडे ओढून सरळ केला. खाली गिरणी चालू होती, टेबल बारीक थरथरत होतं. मग त्यांनी पेन उघडलं, वाक्याच्या सुरुवातीला टेकवलं आणि रेघ मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं मला हायसं वाटलं. पण ते थांबले नाहीत. पहिल्या रेघेवर दुसरी मारली, दुसरीवर तिसरी, मग उलटसुलट गिरवत राहिले. अक्षरं बुडाली, शाई कागदाच्या मागे उतरली तरी हात थांबेना.

"सर, वाचता येत नाही आता," मी म्हटलं.

"तेच पाहिजे होतं ना तुला?" सर म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

अक्काचं इथेच सांगून टाकते. तिने तो कागद दोन्ही तळव्यांत धरून खिडकीकडे केला. छापील अक्षरं शाईतून पुसट दिसत होती. तिने ती हळूहळू वाचली आणि मग विचारलं, "सरांनी स्वतः गिरवलं? तुझ्यासमोर?" मी हो म्हटलं. "वर्गातली पोरं असं गिरवतात," ती म्हणाली. "चुकलेलं बाईला दिसू नये म्हणून. बरोबर असलेलं कोणी असं गिरवत न्हाई." त्या रविवारी तिने गोळी घेतली. डावा हात वाचला. उजवीकडची तीन बोटं तशीच आहेत. टाचणवहीतलं मामाचं चित्र तिने फाडलं नाही, पण ते आता ती कोणाला दाखवत नाही. त्या रविवारपासून मीही बशीचं वाक्य सांगितल्याशिवाय बॅच सोडत नाही.

तेल अजून विकलं जातं. चौकातला फलक बदलला, फोटो तोच आहे. मुखेडचा मध्ये फोन आला होता, सरांवर आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी लिहू या म्हणून. तिला मी बरं म्हटलं आणि हे लिहायला बसले. तिला असं काही अपेक्षित नसावं.

त्या खोलीतलं शेवटचं तेवढं राहिलं. कागद घेऊन मी दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यावर सही नव्हती, तारीख नव्हती. इतक्या वर्षांची सवय, मला खरंच वाटलं की मागून आवाज येईल. नाही आला, म्हणून मीच वळून म्हटलं, "सर, तारीख?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात अडकवलं. घंटी दाबली. खालून एक माणूस वर आला. सर माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "या बाहेरगावहून आल्यात. यांना चहा सांगा."